व्हर्डेलचे दोन इंच

व्हर्डेल प्रॉक्टर एकतीस वर्षं आमच्या ऑर्डवे हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान सांभाळतो. हेल्मेटांचे पट्टे बदलणं, जर्सी धुणं, बुटांचे खिळे घट्ट करणं ही त्याची नेमून दिलेली कामं. एक काम मात्र कुणी नेमून दिलेलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तो पोरांना कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभं करतो, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरतो आणि उंची लिहून घेतो. ती यादी माझ्याकडे येते. मी शाळेच्या कचेरीत हिशेबनीस आहे. शुक्रवारी सामन्याला जी पुस्तिका विकली जाते, ती टाइप करून छापण्याचं कामही माझ्याचकडे असतं.

पोरं खिळ्यांचे बूट घालूनच उभी राहतात. बुटांचा एक इंच आणि व्हर्डेलच्या मनाचा एक इंच, असे दोन इंच पुस्तिकेत जास्त येतात. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शेजारच्या शाळा वाढवतात, त्यांच्या शेजारच्या वाढवतात. आपण वाढवले नाहीत तर आपलं पोर कागदावर दोन इंच बुटकं दिसणार. दक्षिण जॉर्जियात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीही चोवीस वर्षं ते आकडे निमूटपणे टाइप करत आलो.

व्हर्डेलची मुलगी शॅरेट वृद्धाश्रमात नर्स आहे. तिचा एकुलता मुलगा ज्यूरेल दोन वर्षांपूर्वी आमचा क्वार्टरबॅक झाला, म्हणजे हातानं चेंडू फेकणारा. ही जागा उंच पोराची समजतात, कारण समोर उभ्या असलेल्या धिप्पाड पोरांच्या डोक्यांवरून त्याला पलीकडचं दिसावं लागतं. ज्यूरेलची खरी उंची पाच फूट साडेअकरा इंचांच्या आतबाहेर. नातवाच्या बाबतीत आजोबाचा हात जरा जास्तच सैल सुटला आणि पुस्तिकेत 'सहा फूट दोन' छापून आलं.

हायस्कूलच्या पोरांना तारे देणारी संकेतस्थळं असतात. एक वा दोन तारे म्हणजे चारचौघांसारखा, पाच म्हणजे देशातल्या निवडक पोरांपैकी. अशा एका ठिकाणच्या माणसानं ज्यूरेलच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या, पुस्तिकेतली उंची उचलली आणि त्याला चार तारे दिले. महिन्याभरात, मार्चमध्ये, राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा फोन आला. पोराच्या शिक्षणाची, राहण्याजेवणाची चारही वर्षांची सोय ते करणार होते. आमच्याकडे याला ऑफर म्हणतात. पण सही होईपर्यंत ती तोंडीच असते.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळे व्हर्डेलचा हात हातात घेत होते. तो हसत होता, पण मला एका बाजूला ओढून म्हणाला, "हॉइट, ते मोजणार रे त्याला."

"कधी?"

"जूनमध्ये शिबिराला बोलावलंय. तिथे बूट काढायला लावतात."

मार्चपासून जूनपर्यंत त्याचं वजन अकरा पौंडांनी उतरलं. तो मुळात बारीक माणूस, त्याच्या अंगावर ते लगेच दिसलं. वॉशिंग मशीन सुरू करायचा आणि आत कपडे घालायलाच विसरायचा. मला म्हणायचा, "त्या पोराला ते खोटारडा म्हणतील. लिहिलं मी, आणि म्हणतील त्याला." शॅरेटच्या पगारात मोठ्या विद्यापीठाचं एक वर्षही निभणार नव्हतं. जे काही होतं ते त्या पोराच्या उजव्या हातात होतं आणि व्हर्डेलनं लिहिलेल्या आकड्यात.

कुणीतरी त्याला सांगितलं की माणूस सकाळी झोपून उठल्यावर सगळ्यात उंच असतो, दिवसभर उभं राहून पाठीचे मणके दबतात. ही गोष्ट खरी आहे, पण व्हर्डेलनं ती देववाणीसारखी धरली. शिबिराच्या दिवशी पहाटे शाळेच्या सामानाच्या व्हॅनमध्ये त्यानं मागच्या बाजूला सरावाच्या गाद्या अंथरल्या. ज्यूरेलला घरातून खांद्यावर हात टाकून जवळजवळ उचलतच आणलं आणि आडवा केला. तीन तासांचा रस्ता होता. एकट्यानं एवढं चालवणं जमणार नाही, म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं.

"पॉपॉ, मला पुरायला नेताय का हो?" मागून आवाज आला. आईच्या वडलांना आमच्याकडे पॉपॉ म्हणतात.

"गप पड. बोललं की पाठ आखडते."

"हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

"सांगितलं कुणीतरी. पाय ताण."

"पाय दाराला लागलेत. मिस्टर हॉइट, यांना सांगा ना, मी आताच साडेसहा फूट झालोय."

मी हसलो. व्हर्डेल हसला नाही. त्याच्या दोन्ही तळव्यांना घाम सुटला होता आणि तो एकेक हात पँटला पुसून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवत होता.

पंपावर थांबलो तेव्हा पोराला बाथरूमला जायचं होतं. व्हर्डेलनं त्याला उतरू दिलं नाही. रिकामी बाटली पुढे केली.

"पॉपॉ, काहीही काय?"

"उभा राहिलास तर पाव इंच गेला म्हणून समज."

"बाटलीत कुणी बघितलं तर माझे चारच्या चार स्टार जातील."

त्यानं शेवटी आडवं पडूनच कसंबसं उरकलं. मी बाहेर उभा राहून चिलटं हाकलत होतो. मला हसू यायला हवं होतं, पण व्हर्डेलच्या चेहऱ्याकडे पाहून आलं नाही. दवाखान्यात तपासणीचा निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो होता.

पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "तू सगळं मांडून ठेवतोस ना. हे स्टार खरे ठरतात का?"

मांडून ठेवायची सवय मला आहे. वीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या ज्या ज्या पोराला तारे मिळाले, त्याचं नाव आणि पुढे काय झालं ते मी लिहून ठेवलं होतं. चार ताऱ्यांची सहा पोरं. त्यांतली तीन मोठ्या विद्यापीठांत खरोखर खेळली. दोन ताऱ्यांची एकोणतीस, त्यांतली चार.

"म्हणजे खरे ठरतात," व्हर्डेल म्हणाला.

"गठ्ठ्यानं खरे ठरतात. विमा कंपनीला या वर्षी साठीची किती माणसं जातील ते बरोबर सांगता येतं. त्यात तू आहेस की मी, ते तिला सांगता येत नाही."

"मला गठ्ठ्याचं काय करायचंय? माझं एकच पोर आहे."



विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानात दोनशे पोरं रांगेत उभी होती, सगळी अनवाणी. भिंतीला पांढरा फळा आणि त्यावर सरकणारी आडवी पट्टी. मोजणारा माणूस आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसरा लिहायचा. पुढे होता होता पोरं मान ताठ करत होती, काही टाचा उचलू पाहत होती. मोजणारा न बघताच पायानं टाच दाबायचा. व्हर्डेल लोखंडी कठड्याला धरून उभा होता. ज्यूरेलची पाळी आली तेव्हा त्यानं डोळे मिटले.

"पाच अकरा, तीन अष्टमांश."

लिहिणाऱ्यानं लिहिलं. पुढचा पोरगा पुढे आला. एवढंच झालं.

दुपारी ज्यूरेल सुंदर खेळला. सत्तर यार्डांवरून त्यानं टाकलेला एक चेंडू पाहून दुसऱ्या शाळेच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पण व्हर्डेलला ते दिसतच नव्हतं. तो विद्यापीठातर्फे आमच्या भागाची पोरं बघणाऱ्या तरुण कोचला शोधत होता. लिंडर त्याचं नाव. तो भेटला तेव्हा व्हर्डेलनं टोपी काढून हातात धरली.

"सर, एक सांगायचंय. पुस्तिकेतली उंची मी लिहिली होती. पोराला त्यातलं काही माहीत नाही. तो खोटारडा नाही."

लिंडर आधी गोंधळला, मग हसला. हसणं वाईट नव्हतं. "मिस्टर प्रॉक्टर, हायस्कूलच्या पुस्तिकेतून आम्ही दोन इंच आधीच वजा करतो. सगळ्यांचेच. तुमचा नातू सहा फुटांचा आहे असं धरून आम्ही बोलावलं. अर्ध्या-पाऊण इंचानं कमी भरला, बस."

"मग अर्ध्या इंचानं काही बिघडत नाही ना?"

लिंडरनं इकडेतिकडे पाहिलं. "मला विचाराल तर नाही. पण इथले आकडे उद्या सगळीकडे जातात. तारे देणाऱ्यांनी दोनच्या दोन इंच खरे धरले होते. ते एक तारा काढतील. मग माझा साहेब यादी बघून विचारेल, हा तीन ताऱ्यांचा आपल्याकडे कशाला? चार ताऱ्यांचं पोर फसलं तर मला कुणी विचारत नाही, सगळेच फसले असतात. तीन ताऱ्यांचं फसलं तर मी एकटा फसतो."

"पण तो खेळतो कसा ते बघितलंत ना."

"बघितलं. आणखी एक सांगतो, कुणाला सांगू नका. चार तारेवाला पहिल्या वर्षी पडला तर त्याला दुसरं वर्ष मिळतं, तिसरंही मिळतं. दोन तारेवाल्याला एक आठवडा मिळतो. मग लोक म्हणतात, बघा, तारे कसे बरोबर होते."

मी हे लक्षात ठेवलं, कारण माझ्या कागदावर ही गोष्ट कुठेच नव्हती.

लिंडर निघाला होता. व्हर्डेलनं त्याला पुन्हा थांबवलं. "आणि एखाद्या शाळेनं कधी खरी उंची लिहिली असेल, तर?"

"तशी शाळा मला अजून भेटायचीय, सर." तो चालता चालता म्हणाला. "लिहिली असेल तर त्यातूनही दोन इंच जाणारच. मला कसं कळणार?"

परतीच्या वाटेवर ज्यूरेल मागे बसला होता, कानांत गाणी घालून, खिडकीला डोकं टेकून. अक्रोडासारख्या पिकनच्या एका बागेशी व्हर्डेलनं व्हॅन कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, त्याच्या छातीत दुखतंय.

"कर्टिस ओग्लट्री," तो म्हणाला.

कर्टिस आता छत्तीस वर्षांचा आहे आणि गावात टायर बदलायचं दुकान चालवतो. २००६ साली तो आमचा क्वार्टरबॅक होता. त्या ऑगस्टमध्ये त्याची आजी स्वतः त्या दारापाशी येऊन उभी राहिली होती. चर्चमधली कडक बाई. तिनं पोराला बूट काढायला लावले आणि व्हर्डेलला म्हणाली, माझ्या घरातल्या माणसाबद्दल खोटं छापायचं नाही. व्हर्डेलनं खरी उंची लिहिली. सहा फूट दोन. एकतीस वर्षांत त्यानं लिहिलेली तेवढी एकच खरी उंची.

"त्यातून दोन इंच गेले असणार," व्हर्डेल म्हणाला. "सहा फुटी म्हणून बघितलं त्याला सगळ्यांनी. दोन स्टार. कुठल्या शिबिराला बोलावलं नाही, म्हणजे मोजलंही नाही. मी इतकी वर्षं म्हणत आलो, हात चांगला होता पण कुठेतरी कमी पडला."

मी चावी काढून घेतली आणि पुढचा रस्ता मी चालवला.

गुरुवारी चौथा तारा गेला. विद्यापीठानं नाही म्हटलं नाही. ते कधी म्हणत नाहीत. फक्त रोज येणारा मेसेज आला नाही, मग दुसऱ्या दिवशीही आला नाही. शॅरेटनं वडलांना एकच विचारलं. मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो.

"डॅडी, तो आकडा तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो."

ती आत गेली आणि तिनं जाळीचं दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं व्हर्डेल मला नंतर म्हणाला.

ज्यूरेल भर दुपारी मैदानावर एकटाच चेंडू फेकत राहायचा. एकदा मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तर म्हणाला, "मिस्टर हॉइट, मला नववीपासून माहीत होतं. डॉक्टरांच्या कागदावर खरी उंची लिहिलेली असते. पॉपॉंना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आता सांग त्यांना."

"आता तर मुळीच नाही. ते जेवतसुद्धा नाहीत."

जुलैच्या शेवटी व्हर्डेल कर्टिसच्या दुकानात गेला. मलाही चल म्हणाला. माझ्या गाडीच्या टायरचं निमित्त केलं. कर्टिस जॅक लावून खाली बसला होता. उभा राहिला तेव्हा आम्हा दोघांनाही मान वर करावी लागली.

"मिस्टर व्हर्डेल, या टायरला काही झालेलं नाही."

"माहीत आहे," व्हर्डेल म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दाराची चौकट, आजी, लिंडर.

कर्टिस हात पुसत ऐकत होता. "सात वर्षांपूर्वी इथे एक माणूस आला होता. मोठ्या कॉलेजात कोच होता एकेकाळी. टायर फुटलं म्हणून थांबला. मला म्हणाला, तू ओग्लट्री ना? तू एवढा उंच होतास? मी म्हटलं, पुस्तिकेत लिहिलं होतं की. तो म्हणाला, पुस्तिकेवर कोण विश्वास ठेवतो?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सात वर्षं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्हाला काय बोलणार? तुम्ही एकदाच खरं लिहिलंत, तेही आजीच्या धाकानं." तो हसला, पण जॅककडे बघत. "तुमच्यावर नाही राग. बाकीच्या पोरांच्या पुस्तिकेवर आहे. त्यांचं खोटं माझ्या खऱ्यातून वजा झालं. आता नातवाचं काय लिहिणार?"

टायर तपासल्याचे पैसे कर्टिसनं घेतले नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी पोरं दारापाशी आली तेव्हा व्हर्डेल म्हणाला, "बूट काढा. मोजेसुद्धा."

पोरांना आधी गंमत वाटली. मग आकडे ऐकून त्यांचे चेहरे उतरले. आमचा मुख्य कोच डनवुडी धावत आला. "व्हर्डेल, डोकं फिरलं का? तुझ्या नातवाचं ठीक आहे, त्याचा आकडा सगळ्यांना कळलाय. या चौतीस पोरांनी काय केलंय? यांच्यातून आणखी दोन जातील."

"माहीत आहे, कोच."

"मग?"

"खाली एक ओळ छापू. अनवाणी मोजलं आहे म्हणून."

"ती वाचणार कोण?"

यादी घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. ती ओळ त्यानंच सांगितली आणि मी टाइप केली: 'या पानावरच्या उंच्या बूट-मोजे काढून घेतल्या आहेत. मोजणारा: व्हर्डेल प्रॉक्टर.' मग तो म्हणाला, "थांब." मी थांबलो. "हॉइट, कुणीच विश्वास ठेवला नाही तर? कर्टिस एक होता. हे चौतीस आहेत."

"मग जुने आकडे टाकू?"

बाहेर बँडची पोरं ढोल वाजवत होती. "नको. छाप," तो म्हणाला, आणि छपाई संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसला.

पहिल्या शुक्रवारी संघातल्या एका पोराची आई पुस्तिका घेऊन आली. माझा मुलगा बारा महिन्यांत आखूड कसा झाला, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं. व्हर्डेल पाण्याच्या पिंपामागे उभा राहून "मॅम, मॅम" एवढंच म्हणत राहिला. समोरच्या संघाच्या लोकांनी पुस्तिका पाहून आमच्या पोरांना बालवाडी म्हटलं. आम्ही तो सामना जिंकलो, पण आकड्यांचं कुणी विसरलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी टेनेसीतल्या एका लहान कॉलेजचा माणूस आला. त्याच्या बगलेत आमची पुस्तिका होती आणि खिशात स्वतःची पट्टी. ती खालची ओळ दाखवून मला म्हणाला, "असं कधी वाचलं नव्हतं. म्हटलं, जाऊन बघू कितपत खरं आहे." दुपारी जिममध्ये त्यानं ज्यूरेलला भिंतीशी उभं केलं.

व्हर्डेल तिथे आलाच नाही. मी निरोप सांगायला धुलाईच्या खोलीत गेलो. दोन्ही ड्रायर चालू होते आणि तो त्यांच्यामध्ये बाकावर बसला होता, हात गुडघ्यांत दाबून.

"ते घेतायत त्याला," मी म्हणालो. "चारही वर्षं. लेखी कागद उद्या पाठवतायत. शॅरेटला फोन केलाय मी."

"किती आला?"

"पाच अकरा, तीन अष्टमांश. पुस्तिकेत आहे तेवढाच."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते. ते पुसून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. मार्चपासून पाहत होतो ती भीती तिथेच होती.

"बाकीच्यांना मोजलं त्यानं?"

"नाही. त्याला क्वार्टरबॅकच हवा होता."

"एकालाही नाही?"

"नाही, व्हर्डेल."

एक ड्रायर थांबला. त्यानं दार उघडलं, गरम जर्सी मांडीवर घेतल्या आणि घड्या घालायला लागला. प्रत्येक जर्सी उलगडून तो पाठीवरचा नंबर वाचत होता आणि मग ती दुमडत होता. मी दारात उभा राहून मोजत होतो. चौतीस होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.